‘उल्का असावी’ एवढ्यावर फाईल बंद करू नका

प्रति,
आकाशात दिसलेल्या अनोळखी प्रकाशांची चौकशी ज्यांच्याकडे सोपवली जाते ते सर्व अधिकारी, शास्त्रज्ञ आणि समिती सदस्य

विषय : अशा चौकशीची पद्धत आणि तिचा निकाल पाहणाऱ्यापर्यंत पोचवण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी रात्रीचं आकाश बघते. माझ्याकडे मोठी दुर्बीण नाही, कुठल्या वेधशाळेशी माझा संबंध नाही. गच्ची, एक द्विनेत्री, घड्याळ आणि वही एवढ्यावर हा नाद चालतो. नाद लोकांना कळला तसे लोक येऊन विचारू लागले, ‘काल रात्री ते काय होतं हो?’ अशा प्रश्नांची एक वेगळीच वही माझ्याकडे तयार झाली आहे. ती चाळताना जे मनात येत राहिलं ते आज जाहीरपणे लिहिते आहे, कारण खाजगीत लिहून पाहिलं आणि त्याचा उपयोग झाला नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. दिसलेला प्रकाश म्हणजे परग्रहावरून आलेलं यान, असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझ्या वहीतल्या बहुतेक नोंदी शुक्र, गुरू, व्याध, उपग्रह आणि उतरणारी विमानं यांच्याच निघाल्या. तुमच्या चौकशीतूनही बहुधा हेच निघतं आणि ते बरोबर असतं. माझं म्हणणं उत्तराच्या आधी आणि नंतर जे घडतं त्याबद्दल आहे. पाहणाऱ्याला तुम्ही काय विचारता, आणि शेवटी त्याच्या हातात काय ठेवता?

वहीतली एक नोंद सांगते.

रात्रपाळीला पहारा करणारे एक काका डिसेंबरच्या सुरुवातीला माझ्याकडे आले. त्यांची नेमणूक नुकतीच दुसऱ्या फाटकावर झाली होती. ‘ताई, नऊच्या सुमाराला भिंतीच्या वर एक दिवा येतो. लाल, हिरवा, निळा, सारखा बदलतो. एका जागी थरथरतो आणि मधेच सरकतो.’ त्यांनी हे आधी वरिष्ठांना सांगितलं होतं. ‘किती घेतली होती?’ असा प्रश्न आला आणि सगळे हसले. त्यानंतर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, काढून दाखवा. ते जमिनीवर उकिडवे बसले. आधी भिंतीची कड काढली. मग वरच्या अंगाला उभ्या रेषेत तीन ठिपके काढले आणि त्यांच्या खाली, भिंतीच्या जरा वर, एक गोल. मी विचारलं, हे तीन ठिपके कसले? ते म्हणाले, ‘ते रोजचेच. त्यांच्यावर मी रात्रीची वेळ बघतो.’

ते तीन ठिपके म्हणजे मृगाच्या पोटात शिरलेला बाण. बाणाची रेघ खाली वाढवली की बाण मारणारा व्याध सापडतो, आणि काकांचा गोल नेमका तिथं होता. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि रंग उडवत लुकलुकतो. आणि अंधारात एकट्या दिव्याकडे टक लावून पाहिलं की तो सरकल्याचा भास निरोगी डोळ्यालाही होतो. भोवती तुलना करायला काही नसतं म्हणून असं होतं. पण यातलं काहीच मी त्यांना आधी सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, ‘हा तारा असेल तर उद्या चार मिनिटं आधी भिंतीवर येईल, परवा आठ. आणि सरकल्यासारखा वाटला तर समोरच्या विजेच्या तारेच्या आड ठेवून बघा.’ चार दिवसांनी काका परत आले. ‘पंधरा-सोळा मिनिटं आधी आला, ताई. आणि तारेच्या आड ठेवला तर जागचा हलला नाही.’ त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना कुणी खोटं पाडलं नव्हतं. त्यांच्याच चित्रावरून, त्यांच्याच घड्याळावर उत्तर निघालं होतं.

आता दुसरी नोंद, माझी स्वतःची. एका रात्री साडेआठच्या सुमाराला पश्चिमेकडून नारिंगी प्रकाशांची एक रांग आली. पुढे एक मोठा, मागे सहा-सात लहान, प्रत्येकामागे शेपूट. आवाज अजिबात नाही. माझ्या घड्याळाप्रमाणे पूर्वेकडच्या झाडांमागे जायला रांगेला एक मिनिट दहा सेकंद लागले. मी वेळ, दिशा, कोणत्या ताऱ्यांजवळून गेली ते सगळं लिहून संबंधित कार्यालयाला पाठवलं. सात महिन्यांनी उत्तर आलं : ‘सदर बाब उल्का असावी. प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’

उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं. बहुतेकदा दोन-चार सेकंदांत तिचा खेळ संपतो, मोठा अग्निगोल असला तर थोडा जास्त वेळ. सत्तर सेकंद रेंगाळत, तुकडे सांडत, आडवं आकाश ओलांडणं हे कक्षेतून खाली येणाऱ्या रॉकेटच्या टप्प्याचं किंवा उपग्रहाचं लक्षण. त्याचा वेग सेकंदाला साधारण आठ किलोमीटर असतो आणि वाट जवळजवळ जमिनीला समांतर. पुढे मी कक्षांच्या उघड्या नोंदी तपासल्या. त्या रात्री एका जुन्या रॉकेटचा टप्पा खाली येणार असल्याचा अंदाज आधीच दिलेला होता आणि त्याची वाट माझ्या नोंदीशी जुळली. म्हणजे उत्तर उपलब्ध होतं. माझ्या पत्रातला सत्तर सेकंदांचा आकडा कुणी वाचलाच नव्हता, एवढंच.

त्या एका आकड्याचं मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

असं वाटणारी मी पहिली नाही. अठराव्या शतकात युरोपातले शेतकरी सांगत होते की आकाशातून आगीचा गोळा येतो, गडगडाट होतो आणि दगड पडतात. १७६८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यूसे गावी असा दगड पडला. विज्ञान अकादमीनं तो तपासला. तपासणाऱ्यांत लाव्हाझिएसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ होता. निष्कर्ष निघाला की दगड जमिनीवरचाच आहे, त्यावर वीज पडली असावी. पडताना पाहणाऱ्या माणसांचं काय? त्यांना भास झाला असणार.

मग २६ एप्रिल १८०३ ला नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाभोवती भर दुपारी आगीचा गोळा दिसला, स्फोटासारखे आवाज झाले आणि हजारो दगडांचा पाऊस पडला. गृहमंत्री शाप्ताल यांनी चौकशीला झां-बातिस्त बियो या २९ वर्षांच्या शास्त्रज्ञाला पाठवलं. त्यानं काय केलं ते तुम्ही प्रत्येकानं मुळातून वाचावं असं मला मनापासून वाटतं. तो थेट लेग्लला गेला नाही. आधी दूरच्या आलाँसोंला उतरला, तिथं कुणी काय पाहिलं आणि ऐकलं ते विचारलं आणि विचारत विचारत आत आला. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांचे जबाब त्यानं स्वतंत्रपणे घेतले. त्या भागातल्या खाणी आणि भट्ट्या पाहिल्या, असे दगड तिथं निघत नाहीत याची खात्री करून घेतली. कोणत्या शेतात काय सापडलं ते नकाशावर मांडलं, तर साधारण १० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद असा लंबगोल तयार झाला आणि मोठे दगड त्याच्या एका टोकाला आले. जुलैमध्ये त्यानं अहवाल दिला. एर्न्स्ट ख्लाद्नी यांनी १७९४ मध्येच म्हटलं होतं की हे दगड अवकाशातून येतात. त्यांना फारसं कुणी मानत नव्हतं. बियोच्या अहवालानंतर अशनी, म्हणजे हे दगड, आकाशातून पडतात हे शास्त्रानं स्वीकारलं.

एका सरकारी चौकशीनं एवढं केलं. बियोकडे कॅमेरा नव्हता, रडार नव्हतं. त्याच्याकडे लोकांचे जबाब होते आणि ते कसे घ्यायचे हे त्याला कळत होतं.

पाहणाऱ्याचं सगळंच खरं धरा असं मी म्हणत नाही. ३ मार्च १९६८ ला सोव्हिएत झाँड-४ या अवकाशमोहिमेचे अवशेष अमेरिकेवरून जळत गेले. कुणी तुकड्यांची रांग पाहिली. कुणी मात्र चौकोनी खिडक्यांचं लांबलचक यान पाहिल्याचं लिहून दिलं, कारण अंधारात सुटे दिवे एका ओळीत चालले की मन त्यांच्याभोवती आकार जोडतं. पण त्याच साक्षीदारांनी दिवे किती होते, कुठल्या दिशेनं गेले आणि साधारण किती वेळ दिसले हे बऱ्यापैकी नीट सांगितलं होतं. म्हणजे जबाबातलं काय डोळ्यानं टिपलेलं आणि काय मनानं जोडलेलं हे वेगळं काढता येतं. ते काढणं हेच तर तुमचं काम! ‘यान दिसलं म्हणतो, म्हणजे बाकीचंही फेकून द्या’ हा त्यातला सोपा रस्ता झाला.

सोपा रस्ता किती महागात पडतो ते अमेरिकेनं १९६६ च्या मार्चमध्ये पाहिलं. मिशिगनमध्ये विद्यार्थिनी, पोलीस, शेतकरी अशा अनेकांनी रात्री दिवे पाहिले. अशा नोंदींची चौकशी करणाऱ्या हवाईदलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या प्रकल्पाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक थोड्या दिवसांत वार्ताहरांसमोर आले आणि त्यातल्या काही प्रकरणांबाबत म्हणाले की दलदलीतला वायू असू शकतो. शक्यता म्हणून ते चुकीचं होतं असंही नाही. पण दुसऱ्या दिवशी देशभर ‘दलदलीचा वायू’ ही थट्टा झाली आणि ज्यांनी पाहिलं ती माणसं चेष्टेचा विषय झाली. तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. स्वतः हायनेक नंतर त्या प्रकल्पाच्या पद्धतीवर कडक टीका करू लागले. प्रकल्प १९६९ मध्ये बंद झाला तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींपुढे ‘ओळख पटली नाही’ असा शेरा होता. पण लोकांच्या मनात राहिला तो दलदलीचा वायू.

अशीच आणखी एक घटना. १३ मार्च १९९७ ला ॲरिझोनात फिनिक्स शहरावर असंख्य लोकांनी दिव्यांच्या रांगा पाहिल्या. काही महिन्यांनी गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन यांनी पत्रकार परिषद घेतली आणि परग्रहवासीयाचा पोशाख घातलेला आपलाच सहकारी व्यासपीठावर आणला. हशा झाला. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच गव्हर्नरांनी सांगितलं की त्या रात्री त्यांनी स्वतःही काहीतरी पाहिलं होतं. रात्री दहाच्या सुमाराचे दिवे लष्करी विमानांनी सरावात सोडलेले प्रकाशगोळे होते, हे स्पष्टीकरण मला पटतं. पण मुद्दा तो नाही. राज्याचा प्रमुख स्वतः पाहूनही बोलायला धजावत नसेल, तर पहारेकरी काका कसे धजावतील?

मला सगळ्यात जास्त जे खुपतं ते मात्र थट्टेच्याही पुढचं आहे. उत्तर माहीत असूनही न सांगणं.

२० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे चारच्या सुमाराला सोव्हिएत संघातल्या पेत्रोझावोद्स्क शहरावर एक प्रचंड तेजस्वी आकृती पसरली, जेलीफिशसारखी, खाली प्रकाशाचे धागे सोडणारी. पार फिनलंडपर्यंत लोकांनी ती पाहिली. त्याच सुमाराला उत्तरेकडच्या प्लेसेत्स्क तळावरून कॉसमॉस-९५५ हा उपग्रह सुटला होता. जमिनीवर अंधार असतो, पण शंभरेक किलोमीटर वर ऊन पोचलेलं असतं आणि रॉकेटचा धूर तिथं विरळ हवेत फुलून त्या उन्हात उजळतो. पहाटे आणि संध्याकाळी सुटणाऱ्या रॉकेटचं हे नेहमीचं दृश्य. पण हे सांगायचं कुणी? प्लेसेत्स्क नावाचा तळ अस्तित्वात आहे हेच सरकार मान्य करत नव्हतं. लोक हवालदिल. वैज्ञानिकांना कारण शोधायचं होतं आणि कारण कुलपात होतं. पुढच्याच वर्षी सरकारनं अशा घटनांच्या अभ्यासाचा मोठा कार्यक्रम सुरू केला, तो बरीच वर्षं चालला आणि बहुतेक नोंदी रॉकेट उड्डाणांच्या आणि उंचीवरच्या फुग्यांच्या निघाल्या. म्हणजे एक हात रॉकेट सोडत होता आणि दुसरा हात ‘हे काय दिसलं’ म्हणून जबाब घेत होता.

आणि गुपित तरी राहिलं का? १९६६ मध्येच इंग्लंडमधल्या केटरिंग इथले शाळामास्तर जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी साध्या रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकत, वेळा टिपत, कक्षा मांडत होते. कॉसमॉस-११२ ची कक्षा उलटी मोजत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा उपग्रह नेहमीच्या तळावरून सुटलेला नाही, उत्तरेला नवा तळ आहे. शाळेतल्या मुलांनी शोधलेली जागा सरकारनं १९८३ मध्ये मान्य केली. मधली सतरा वर्षं स्वतःच्याच नागरिकांना अंधारात ठेवून काय साधलं?

संरक्षणाच्या गोष्टी गुप्त असतात हे मला समजतं. सगळं सांगा असा हट्ट नाही. पण ‘सांगता येत नाही’ हे सुद्धा एक प्रामाणिक उत्तर आहे. ते देता येत असताना ‘ग्रह असावा’ म्हणणं म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर खोटा आरोप करणं. आणि जिथं सांगता येतं तिथं सांगितल्यानं काही बिघडत नाही. ९ डिसेंबर २००९ ला उत्तर नॉर्वेच्या आकाशात निळ्या शेपटीचं पांढरं चक्र फिरलं आणि जगभर खळबळ उडाली. रशियानं दुसऱ्याच दिवशी मान्य केलं की पांढऱ्या समुद्रातून सोडलेल्या बुलावा क्षेपणास्त्राचा तिसरा टप्पा बिघडला होता. आपल्याकडे १५ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी पूर्व आणि ईशान्य भारतात झोत दिसला. अग्नी-५ ची चाचणी झाल्याचं लगेच जाहीर झालं आणि लोक निर्धास्त झाले.

चांगलं काम कसं असतं तेही आपल्याच देशात झालं आहे. २०१२-१३ च्या हिवाळ्यात लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांना रात्री आकाशात दोन प्रकाश दिसत होते. सीमेपलीकडून टेहळणीची यंत्रं येतात असा संशय होता. ऑगस्ट ते फेब्रुवारीत ३२९ नोंदी झाल्या. शेवटी भारतीय ताराभौतिकी संस्थेची मदत घेतली गेली. शास्त्रज्ञांनी तो प्रकाश ताऱ्यांच्या तुलनेत कसा सरकतो हे पाहायला लावलं आणि नोंदी तपासून सांगितलं की एक शुक्र आहे, दुसरा गुरू. त्या उंचीवर हवा विरळ आणि स्वच्छ, त्यामुळे ग्रह आपण खाली बघतो त्याहून कितीतरी झगझगीत दिसतात. इथं जवानांना कुणी वेड्यात काढलं नाही, आणि मला वाटतं काढायचं कारणही नव्हतं. सीमेवर उभ्या असलेल्या माणसानं दिसलं ते लिहून ठेवलं, तीनशे एकोणतीस वेळा लिहून ठेवलं, म्हणून तर छडा लागला.

२ एप्रिल २०२२ ची गुढीपाडव्याची संध्याकाळ तर आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल. विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी जळत्या तुकड्यांची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, पवनपारला गोळा सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेवरून सुचवलं. इस्रोची माणसं गावात जाऊन वस्तू पाहून आली. तिथं हातात धरायला कडं होतं. माझ्या रात्रीच्या रांगेनं मागे काही ठेवलं नाही, हाच काय तो फरक. लोखंड सापडलं तरच जबाबाला किंमत, असं व्हायला नको.

फ्रान्सच्या अवकाश संस्थेत १९७७ पासून यासाठी छोटासा स्वतंत्र विभाग आहे. सध्या त्याचं नाव जेपान. त्यांची पद्धत मला फार आवडते. प्रत्येक प्रकरणाला चारपैकी एक अक्षर मिळतं. अ म्हणजे ओळख पक्की पटली. ब म्हणजे बहुधा पटली. क म्हणजे माहिती अपुरी, म्हणून सांगता येत नाही. ड म्हणजे माहिती पुरेशी, चौकशी पूर्ण, तरीही उलगडा नाही. २००७ पासून ही प्रकरणं लोकांना वाचायला खुली आहेत, साक्षीदारांची नावं झाकून. क आणि ड वेगळे ठेवले आहेत हे पाहा. ‘आम्हाला कळलं नाही’ आणि ‘तुम्ही पुरेसं सांगितलं नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी, आणि बहुतेक कार्यालयं त्या एकाच शेऱ्यात गुंडाळतात. ‘असावी’ या शब्दात तर ब, क आणि ड तिन्ही लपतात.

नॉर्वेतल्या हेसडालेन दरीत १९८१ ते १९८४ या काळात आठवड्याला पंधरा-वीस वेळा दिवे दिसत. त्यांच्या अभ्यासासाठी १९८३ मध्ये प्रकल्प सुरू झाला, १९८४ च्या सुरुवातीला माणसं तिथं उपकरणं घेऊन बसली आणि १९९८ पासून स्वयंचलित केंद्र चालू आहे. काही दिवे मोटारींचे निघाले. काहींचं समाधानकारक कारण आजही मिळालेलं नाही. म्हणून कुणी खोटं कारण चिकटवलं नाही आणि दुकानही बंद केलं नाही. चाळीस वर्षं! मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. नासानं नेमलेल्या समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला, त्यातही दोन गोष्टी ठळक होत्या : हाताशी असलेली मोजमापं कच्ची आहेत आणि हसं होईल या भीतीनं लोक नोंदवत नाहीत. दुसरी गोष्ट सुधारल्याशिवाय पहिली कशी सुधारणार?

तेव्हा माझं मागणं असं आहे. कुणी काही पाहिल्याचं कळवलं की आधी पोचपावती द्या, तिच्यावर क्रमांक घाला. मग नीट प्रश्न विचारा. ‘कसलं यान होतं’ हे विचारूच नका. किती वाजता, किती वेळ, कुठल्या दिशेकडून कुठे, हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून किती मुठी वर, कोणत्या ताऱ्याजवळून, आवाज आला का आणि किती वेळानं. लांब धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते, हे सातवीतल्या मुलालाही जमतं. शक्य असेल तर पाहणाऱ्याला त्याच जागी उभं करून बोट दाखवायला सांगा आणि चित्र काढायला सांगा. मग ग्रहांची स्थाने, उपग्रहांच्या कक्षा, विमानांच्या वेळा, सोडलेले फुगे, कक्षेतून खाली येणारे तुकडे हे सगळं ताडून पाहा. २०१९ पासून स्टारलिंकच्या उपग्रहांच्या माळा आकाशात दिसू लागल्या, तेव्हापासून तर हे ताडून पाहणं रोजचंच काम झालं आहे. आणि जे काही ठरेल ते कारणांसह लिहून कळवा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः तपासता येईल. माझ्या पत्राला ‘सत्तर सेकंद म्हणजे उल्का नाही, अमुक रॉकेटचा टप्पा’ अशा दोन ओळी पुरल्या असत्या.

याला खर्च फार लागत नाही. लागते ती सवड आणि थोडी आस्था. आकाश बघणारी माझ्यासारखी हजारो माणसं गावोगावी आहेत. बोलावलंत तर आम्ही फुकट येऊ.

माझ्या वहीत आज एकूण ११४ नोंदी आहेत. १०३ उलगडल्या. नऊ ठिकाणी माहितीच अपुरी होती, त्या सोडून देते. उरलेल्या दोन मला वीस-वीस वेळा तपासूनही सुटलेल्या नाहीत. एकीत स्थिर पांढरा प्रकाश, क्षितिजापासून चार मुठी वर, अकरा मिनिटं, ताऱ्यांबरोबर न सरकता, मग तीन सेकंदांत विझलेला. दुसरीत दोन साक्षीदार, एकमेकांपासून सहा किलोमीटरवर, दोघांच्या दिशा मोजलेल्या. त्या दोन्हींच्या पानांच्या प्रती, आकृत्या आणि वेळा या पत्रासोबत जोडते आहे. ताडून पाहा. उत्तर ‘ड’ आलं तरी चालेल. फक्त पोचपावतीवर क्रमांक असू द्या.

आपली,
एक आकाशनिरीक्षक

सोबत : नोंद क्रमांक ३७ आणि ८२, आकृत्यांसह